उन्हात मुरवलेलं सीरम

आता हसं माझंच होणार आहे, तेव्हा तुम्ही निवांत चहा घ्या आणि ऐका. फक्त माझ्या वर्गातल्या मुलांपर्यंत जाऊ देऊ नका. मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि तिथे माझा थोडा दरारा आहे.

डिसेंबरातली गोष्ट. आमच्या ओंकारने लग्न ठरवलं. मुलगी, मृण्मयी, त्याच्याच ऑफिसातली. तिचे आईवडील पंधरा दिवसांनी अकोल्याहून आम्हाला भेटायला येणार होते. ओंकार हिंजवडीला मित्रांबरोबर राहतो. जाता जाता मला म्हणाला, "बाबा, तेवढं चेहऱ्याला काहीतरी लावा. थंडीने पार काळवंडलाय."

माझी थंडीची साधना म्हणजे अंघोळीनंतर कोल्ड क्रीमचं एक बोट. पण आरशात पाहिलं तर पोराचं खरं होतं. चेहरा दुष्काळी तालुक्याचा नकाशा म्हणून वर्गात टांगता आला असता.

औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंना हळूच विचारलं, "चेहरा जरा उजळेल असं काही आहे का?"

"कोणासाठी?" दुकानभर ऐकू गेलं.

"मुलाचं लग्न आहे."

"मग मुलासाठी का?"

"नाही. मुलाच्या बापासाठी."

त्यांनी मला एकदा नीट निरखलं आणि जास्त बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून एक बोटभर बाटली पुढे ठेवली. "व्हिटॅमिन सी सीरम. सकाळी तोंड धुतलं की तीन थेंब, वर तुमची नेहमीची क्रीम. आणि उन्हाचं बघा."

उन्हाचं बघा. म्हणजे काय, सांगा बरं? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, उन्हापासून जपा. मला वाटलं, याला ऊन लागतं. आणि का वाटू नये? व्हिटॅमिन सी म्हणजे लिंबातलं, आणि लिंबाच्या लोणच्याला ऊन दाखवल्याशिवाय ते मुरतं का कधी? मी बाटली पूर्वेच्या खिडकीत ठेवली आणि ऊन सरकेल तशी सरकवत राहिलो.

काय वर्णन करू त्या बाटलीचं. पहिल्या दिवशी आत नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी फिकट पिवळं. सहाव्या दिवशी मधासारखं, आणि सकाळची किरणं आरपार गेली की खिडकीच्या पाटावर सोनेरी कवडसा पडायचा. सूर्याची किमया मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने समजावली, पण ती माझ्याच खिडकीत घडताना पहिल्यांदा बघत होतो. चहा गार होईपर्यंत उभा राहायचो. इतकं मुरलेलं औषध तीनच थेंब कसं लावणार? दहावर गेलो. मग दिवसातून दोनदा.

बायको, सुनंदा, तेव्हा बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेली होती. त्यामुळे घरात मी, बाटली आणि सूर्य. अडवणारं कोणी नाही.

आठवड्याभरात गुण दिसला. मी वर्गात शिरलो की मुलं गप्प. एरवी दोनदा डस्टर आपटावं लागतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर, चेहऱ्यावर दिसतंय हो सगळं. आठ दिवस रजा घ्या ना." मी म्हटलं, "आनंदाने कोणी रजा घेतं का?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सहकाऱ्याच्या घरच्या मंगलकार्याने माणूस इतका हेलावतो, हे बघून मीच भारावलो.

आमचे शिपाई शिंदेमामा मांजरीहून येतात. ते रोज बाटलीभर उसाचा रस आणायला लागले. "घ्या सर. घरचा हाय. सगळा संपवायचा." लग्नघराचं तोंड गोड करतायत, असं समजून मी रोज सगळा संपवला.

शनिवारी संध्याकाळी सुनंदा परत आली. दारात बॅग ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि भिंत धरली.

"अहो, हे काय? कावीळ झालीय तुम्हाला."

तिने हात धरून आरशासमोर नेलं, ट्यूब लावली. रोज बघत असल्यामुळे मला जे तेज वाटत होतं, तो चक्क नारिंगी रंग होता. आणि उसाचा रस कावीळ झालेल्याला देतात हे मला तेव्हा आठवलं.

"लिव्हर कुठल्या बाजूला असतं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "उजव्या." मग मला बरोबर उजवीकडे दुखायला लागलं. सीरमचा संशय आला का? अजिबात नाही. लिंबाने कधी कोणाला कावीळ होते का? शिवाय या वयात आपण चेहऱ्याला काय लावतो, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याच संध्याकाळी रक्त दिलं, रिपोर्ट सोमवारी. आणि पाहुणे रविवारी सकाळी दहाला.

सुनंदाने पडदे ओढले आणि मला सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. "कमी बोला आणि उजेडात येऊ नका."

पाहुणे आले, बरोबर मृण्मयी आणि ओंकारही. मृण्मयीच्या आई, नलूताई, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या बसल्याच नाहीत. सरळ जाऊन पडदा सरकवला. सगळं ऊन माझ्या तोंडावर.

मग मृण्मयीचे वडील जड आवाजात म्हणाले, "आजारपण असेल तर आधी सांगायला हवं होतं. लपवायचं कशाला?"

सुनंदाचे डोळे भरले. ओंकार माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडामुळे पोराचं लग्न मोडतंय, हे मला तेव्हा कळलं, आणि उजवीकडचं दुखणं कुठल्या कुठे गेलं.

नलूताई जवळ आल्या. अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. "डोळे तर दुधासारखे पांढरे आहेत. कावीळ आधी डोळ्यांत दिसते. हात दाखवा, भाऊ."

मी हात पुढे केले. तळवे स्वच्छ, पण दोन बोटांची टोकं तपकिरी.

"या दोन बोटांनी काय लावता?"

बघा. रक्त नाही, रिपोर्ट नाही. एक पापणी आणि दोन बोटं. मी इतका थक्क झालो की लाजायचंसुद्धा राहून गेलं. उठलो, खिडकीतली बाटली आणून त्यांच्या हातात दिली. ती आता काळ्या चहासारखी झाली होती.

मृण्मयीने बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "बाबा, यावर लिहिलंय, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. रंग बदलला तर वापरू नका." ती मला पहिल्यांदाच बाबा म्हणाली होती, तेही अशा वाक्यात.

"काहून हो, उन्हात ठेवली होती का?" नलूताईंनी विचारलं.

"मुरायला," मी म्हणालो.

आधी मृण्मयीचे वडील हसले. मग सुनंदा, डोळे पुसत पुसत. नलूताई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हे खराब झालं की कातडीवर डाग धरतं. घासू नका. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. आणि बायकोपासून काही लपवत जाऊ नका."

सोमवारी रिपोर्ट नॉर्मल आला. पाहुणे अकोल्याला परतायच्या आत, गुरुवारी, साखरपुडा उरकायचं ठरलं. म्हणजे माझा रंग पुरता जायच्या आधीच. फोटोग्राफरला सुनंदाने बाजूला घेऊन सांगितलं, "यांचा चेहरा तेवढा नीट दिसेल असं बघा."

त्याने अगदी मनापासून बघितलं. प्रत्येक फोटोतला नारिंगी रंगच काढून टाकला. अल्बम आमच्याकडे आहे. त्यात नवरामुलगा, नवरीमुलगी, विहीणबाई, गुरुजी, झाडून सगळे निळे आहेत. एकटा मी माणसाच्या रंगाचा.