काकांचा नंबर नऊ

निवडणूक संपली, बॅनर उतरले, पण किस्से काही डोक्यातून उतरत नाहीत राव! तळवड्याच्या चौकात चहाला उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "तो दहा नंबरचा काय घोळ झाला होता रे?" मी सांगायला लागतो आणि माझी कंपनीची बस निघून जाते. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

साळुंखेकाका म्हणजे आमच्या प्रेसशॉपचे, पत्रा दाबून कापायच्या मशीनवरचे जुने ऑपरेटर, आता रिटायर. मी लातूरहून आलो तेव्हा नोकरी लागेपर्यंत चार महिने त्यांच्याच घरी जेवलो. काका नगरसेवकपदासाठी अपक्ष उभा राहतो म्हणाले, तेव्हा मी "कशाला?" असं विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांना माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी रात्रपाळीत त्यांच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट प्रेसमध्ये तुटलं. सोबतच्यांनी बोट बर्फात घालून त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर दाराला कुलूप! उघडणार सकाळी नऊला. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत उशीर झाला होता, बोट काही जोडता आलं नाही. तेव्हापासून काकांचं एकच म्हणणं, दवाखाना रात्रपाळीलाही उघडा पाहिजे.

*

मतदान यंत्रावर काकांना नंबर मिळाला नऊ. ऐकल्याबरोबर काकांनी दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि आम्हाला म्हणाले, "मोजा!"

आम्ही मोजली. बरोबर नऊ.

"बघा, प्रेसनं माझा नंबर पंधरा वर्षं आधीच पाडून ठेवलाय!"

आम्ही हसलो खरे, पण मंगलकाकू आत निघून गेल्या.

*

पहिल्या सभेला काकांनी माईक धरला आणि ठरवलेलं भाषणच विसरले. तीस वर्षं शिफ्टच्या सुरुवातीला सेफ्टीच्या सूचना द्यायची सवय, तीच तोंडात आली. "बंधू-भगिनींनो, आधी बाहेर पडायचा रस्ता कुठंय ते बघून ठेवा!"

मागच्या रांगेतले चारपाच जण सभा संपली समजून उठले की हो!

काकांनी त्यांना थांबवलं. "बसा, बसा. एवढंच सांगायचंय, मी अकरा मिनिटांत दवाखान्याच्या दारात पोचलो होतो. दाराला कुलूप होतं." आणि खाली बसले. झालं भाषण! टाळ्या वाजवायचं आम्हाला जरा उशिरानं सुचलं.

*

आमचा प्रचारही शिफ्टमध्ये चालायचा. फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळी फिरणार, सेकंडवाले सकाळी. जाताना रजिस्टरमध्ये पुढच्यांसाठी नोंद करायची, अगदी कंपनीसारखी. आमचा बबन पेंटशॉपचा, त्याची एक नोंद मी अजून जपून ठेवलीय:

"गल्ली चार पूर्ण. दोन घरं बंद. एक कुत्रं चालू. रूट कॉज: भूक. अॅक्शन: बिस्किट. स्टेटस: क्लोज्ड."

खाली दुसऱ्या शिफ्टची नोंद: "क्लोज्ड नाही. पँट फाटली."

*

चिन्ह होतं कपबशी. त्यानं तर आमचा जीवच घेतला! प्रत्येक घरात, "चिन्हच कपबशी हाय, बिनचहाचं कसं जाऊ द्यायचं?" एका दिवसात काकांचे एकतीस कप झाले. बत्तीसाव्या घरी माजलगावच्या एका मावशींनी ट्रे पुढं केला, तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "मावशी, मत नाही दिलंत तरी चालेल, पण चहा नको!"

मावशी म्हणाल्या, "मत तर देणारच. चहा तुमच्यासोबतच्या पोरांला हाय. सकाळधरनं उपाशी दिसायलेत."

खरं सांगतो, ओव्हरटाइम सोडून आलेली ती माणसं आणि दारोदारचा तो चहा, यांचे आभार कसे मानायचे ते मला आजही कळत नाही.

*

आता तो दहा नंबरचा घोळ. काकांचं बघून बबनच्या टीमनंही सुरू केलं. "काकांचा नंबर कोणता?" असं ओरडायचं आणि दोन्ही हात वर करायचे! दोन दिवस कंपन्यांच्या गेटवर, बसस्टॉपवर, भाजी मंडईत, सगळीकडे दोन्ही हात वर. आमच्या हाताला दहा बोटं आहेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! आणि दहा नंबर कुणाचा? इथल्या मूळ गावकीतल्या अण्णांचा. आमच्यासमोरचे सगळ्यात तगडे उमेदवार!

तिसऱ्या दिवशी जुन्या गावठाणातली एक आजी म्हणाली, "आरं, अण्णाला मत द्या म्हून तुमी कशापायी उन्हातान्हात फिरताय? त्यो माजा भाचाच हाय, आमी देतोयच की!"

बबन जागीच बसला. त्या संध्याकाळची नोंद: "डिफेक्ट: एक बोट जास्त. अॅक्शन: मुडपणे."

काका एवढे हसले, एवढे हसले, की काकूंना पाणी आणावं लागलं.

*

काका पडले. अण्णा निवडून आले. आमची तोंडं उतरलेली, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा गुलालानं माखलेले काकांच्या दारात!

"काका, तुमच्या मान्सांनी दोन दिस माजा परचार केला म्हनं. आमी कुनाचं उपकार ठिवत न्हाई. बोला, काय करू?"

बबनकडं बघवत नव्हतं. काकांनी मात्र एका दमात सांगून टाकलं, "दवाखाना रात्रपाळीला उघडा ठेवा. डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्ससकट."

अण्णांनी महापालिकेत पाच महिने खेटे घातले, पण केलं. माणूस शब्दाचा पक्का, मान्य करावंच लागेल.

*

परवा आम्ही काकांकडे बसलो होतो. आशा नावाची एक बाई पेढे घेऊन आली. मूळची जालन्याची, इथल्याच एका छोट्या युनिटमध्ये प्रेस चालवते. तिला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. म्हणाली, दीड महिन्यापूर्वी रात्रपाळीत प्रेसमध्ये बोट तुटलं. दवाखाना उघडा होता. डॉक्टरनं बोट नीट बांधून तिला लगेच अॅम्ब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. हा दवाखाना कुणामुळं उघडा असतो, ते तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं.

"काका, बघा," म्हणून तिनं दोन्ही हात वर केले. एक बोट जरा वाकडं होतं, टाक्यांची खूण ताजी होती.

काकांनी एकेका बोटाला हात लावत मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मंगलकाकू दारात उभ्या राहून बघत होत्या. काकांचे डोळे भरले होते, पण आवाज मात्र प्रेसशॉपमधला लावला:

"पोरी, हा चुकीचा प्रचार झाला! आपला नंबर नऊ आहे!"