आंबलेली खळ

श्रावण पिढीजात कोष्टी. हातमागावर घर चालेना, म्हणून आमच्या कचेरीत चपराशी लागला. पहिल्याच दिवशी त्याचा चुरगळलेला गणवेश पाहून साहेब कडाडले, "कपडे कडक पाहिजेत!" नोकरी पक्की व्हायला सहा महिने होते. तेवढे निभावले की सुटलो, असं तो म्हणायचा.

एप्रिल लागला नि साहेबांना श्रावणचा वास येऊ लागला. स्वतः मानेला विलायती पावडर चोपडून यायचे. घाम फक्त गरिबालाच येतो अशी त्यांची समजूत. मला म्हणाले, "त्याला सांगा, नाहीतर काढून टाकतो." असली कामं नेमकी कारकुनाच्या गळ्यात!

मी सांगितलं. श्रावणनं बाही हुंगली. "मले तर काहीच वास नाही येत, बाबूजी."

मग तो दोनदा आंघोळ करू लागला, काखेत लिंबू चोळू लागला. एकदा कानात अत्तराचा फाया घालून आला, तर साहेबांनी नाकाला रुमालच लावला.

शेवटी एका रविवारी मी गोळीबार चौकामागच्या त्याच्या घरी गेलो. एकच खोली, त्यातच माग. त्याची बायको रुख्माबाई गणवेश मडक्यात बुडवत होती. मडक्यात सूत ताठ करायला पाजायची कणकेची खळ, आठ दिवस आंबवलेली. खळ जितकी मुरलेली तितकी चांगली, हे विणकरांचं शहाणपण. नवऱ्याचे कपडे कडक हवेत म्हणून बिचारी घरातलं उत्तम ते घालत होती. घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं!

"भाताची ताजी पेज वापरा," मी म्हटलं. वास गेला, नोकरी पक्की झाली. मी चारचौघांत फुशारक्या मारल्या.

दिवाळीनंतर त्याला विचारलं, "काय श्रावण, आता मजेत ना?"

"आता मले त्या खळीचा वास येते, बाबूजी," तो हळूच म्हणाला. "घरात येते, अंथरुणात येते. रुख्मीच्या हाताले येते. ती वाढते, न् मी श्वास धरून जेवतो. काल तिनं राखेनं हात घासले न् माह्यासमोर धरले. 'आता येते का जी?' म्हणे."

माझी मान खाली गेली. "मग?"

"नाही म्हणणार होतो. पण श्वास धरला होता ना, आवाजच फुटला नाही. आता ती ताट ठेवते न् दूर मागावर जाऊन बसते."