खिडकीतून दिसणारी पवनचक्की

गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायची, तर नगरपरिषदेला शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र हवं होतं. ते मागायला मी समोरच्या मालतीकाकूंकडे गेलो. काकांना अर्धांगवायू झाल्याला वर्ष झालं होतं. खिडकीशी पडून ते आभाळाच्या एका तुकड्याकडे बघत असत.

"आवाज फार होणार नाही," मी म्हणालो.

काकूंनी मी नेलेला गच्चीचा नकाशा निरखला. "ही यांना इथून दिसेल का रे?"

"नाही. पलीकडच्या कोपऱ्यात आहे, तिथे वारा जास्त."

"अलीकडे घेशील का? यांच्या खिडकीत दिवसभर काही हलतच नाही."

मी नवा नकाशा काढून पुन्हा अर्ज केला. मंजुरी उशिरा आली, पण आली.

अलीकडच्या कोपऱ्यात वारा खरंच कमी आहे. पाती झोपेत असल्यासारखी सावकाश फिरतात. संध्याकाळी त्यांच्याकडे बघताना वाटतं, वाऱ्याला स्वतःचं रूप नसतं. दिसण्यासाठी त्याला कुणाचं तरी अंग मागून घ्यावं लागतं, कधी पडद्याचं, कधी झाडाचं. मग वारा पडतो, पाती थांबतात. मी वाट बघत उभा राहतो. एखादी झुळूक येते, आणि समोरच्या खिडकीतून काकूंचा हलका आवाज येतो, "बघितलंत? निघाली ती."