सरांची खुर्ची

आमचे भाऊजी कधी चुकत नाहीत. घरातला नळ त्यांनी दुरुस्त केला आणि स्वयंपाकघरात तळं साचलं, तेव्हाही चूक नळाचीच होती. सगळी बिल्डिंग बघायला जमली होती बरं का!

भाऊजी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, मी तिथेच लायब्ररीत. त्यांच्या प्रोग्रॅमिंग क्लबची खोली माझ्या शेजारीच. सुरुवातीला पोरांना उभं राहायला जागा नव्हती. हळूहळू उरले दोघं, त्यातला एक पंख्याखाली झोपायला यायचा. शेवटी प्राचार्यांनी बजावलं, "शुक्रवारी येतो. खोली रिकामी दिसली तर कॅरमवाल्यांना देऊन टाकीन." झालं! भाऊजींच्या घशाखाली घास उतरेना.

मला काही राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, सगळं तुम्हालाच येतं, मग पोरांनी येऊन काय माशा मारायच्या? नळाच्या वेळी कशी गर्दी जमली होती! चुका जरा!"

"मी? चुकू?" जणू मी त्यांना चोरीच करायला सांगत होते.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि इथं गाढव मी. दुसऱ्या दिवसापासून ते प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक पेरू लागले. जो पकडेल तो सरांच्या खुर्चीत, आणि सर बाकावर उभे! मग काय विचारता, कॅरमवालेसुद्धा आले.

शुक्रवारी प्राचार्य दारात. खोली गच्च भरलेली, भाऊजी बाकावर, आणि खुर्चीत कधी तोंड न उघडणारी एक मुलगी.

"हा काय तमाशा?" प्राचार्य गरजले.

"सर, वर्षाचे महिने छापायचे होते," ती म्हणाली, "पण डिसेंबर आलाच नाही. चूक मी पकडली, म्हणून सर बाकावर."

प्राचार्यांनी पडद्यावरचे महिने बोटांवर मोजले. अकराच भरले. म्हणाले, "खोली तुमचीच. पुढच्या वेळी मीही येणार. खुर्ची मला हवी."

संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, आजची चूक मी पेरली नव्हती. खरीच झाली."

"अगंबाई! कुणाला सांगू नका."

"सांगितलं ना, बाकावरूनच. पोरांनी टाळ्या वाजवल्या." मग माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "आणि तो नळ... तोही मीच बिघडवला होता."