खलजांचा पत्ता विचारणारे काका

पैठणकरकाका नव्या माणसाला 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. त्याचा हात हातात घेत आणि तो न सोडता विचारत, "तुमचं आडनाव मित्रानं ठेवलंय की शत्रूनं?" मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला नवी कुटुंबं यायची आणि प्रसादाची डिश सावरत गोंधळून उभी राहायची. गोडबोल्यांना काका म्हणाले होते, "मित्रानं. किंवा फार हुशार शत्रूनं." मी उकिडवे. माझ्या वेळी त्यांना विचारही करावा लागला नाही. "शत्रूनं! तुमचा पूर्वज जन्मात एकदाच उकिडवा बसला असेल हो. नेमका कुणीतरी बघितला."

तेव्हा मी अमेरिकेत नवा होतो आणि गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये काका माझे लीड होते. उंच, जरासे पोक काढून चालणारे, मिशिगनच्या थंडीतही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये बिनदिक्कत लसणीचा ठेचा गरम करायचे. एखाद्या गोऱ्यानं नाक मुरडलं तर त्याच्यापुढेच डबा धरायचे. "ट्राय!"

नावांचं हे वेड जुनं होतं. काकांचं बालपण देवगिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गेलं. चौथीत मास्तरांनी शिकवलं, खिलजी आले आणि यादवांचं राज्य लुटून गेले. काकांनी हात वर केला, "मास्तर, ते कुठल्या गावचे?" मास्तर म्हणाले, "राक्षसांना गाव नसतं. बस खाली."

"मी बसलो," काका सांगत, "पण पटलं नाही. आमच्याकडे साधी शेळी चोरीला गेली तरी पहिलं विचारायचे, चोर कुठल्या वाटेनं आला. इथे अख्खं राज्य गेलं आणि कुणी पत्ता विचारला नाही!"

पत्ता त्यांनी इथे येऊन शोधला. शनिवारी लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायची आणि सोमवारी जेवताना आम्हाला ऐकवायची. आपण खिलजी म्हणतो ते मुळात खलज, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. ही तुर्की टोळी गझनीच्या आसपासच्या माळांवर जनावरं राखायची. अफगाणांच्या शेजारात पिढ्या गेल्या, चालीरीती त्यांच्यासारख्या झाल्या. पुढे दिल्लीचं तख्त मिळालं, तर तिथले तुर्क सरदार म्हणाले, हे कसले तुर्क, हे तर अफगाण! काही खलज इराणकडे गेले होते. तिथल्या थोड्या गावांत त्यांची भाषा अजून बोलतात. "आपल्या पोरांसारखंच झालं त्यांचं," काका म्हणत. "इथे इंडियन, तिथे अमेरिकन."

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो.

आमच्या नव्या गिअरबॉक्सचा मोठा लाँच दुसऱ्या राज्यातल्या प्लँटमध्ये होता. अनघा, माझी बायको, नोव्हायला घरी होती, सातवा महिना चालू होता. दुपारी फोन आला: शेजारणीनं तिला हॉस्पिटलात नेलंय, बाळ आजच येणार. काका समोरच होते. म्हणाले, "नीघ. इथलं मी बघतो." पण मॅनेजरनं आदल्याच दिवशी बजावलं होतं, आत्ता जो प्लँट सोडेल त्यानं या प्रोजेक्टमध्ये परत यायचं नाही. माझं ग्रीनकार्ड त्याच्या सहीवर अडलं होतं. मी म्हणालो, "काका, लाँच झाला की जातो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मशीनवरचा आकडा पटला नाही की ते जसे बघायचे, तसं बघितलं. "कुणीतरी जायला पाहिजे रे," एवढंच म्हणाले आणि किल्ल्या उचलल्या.

माझी मुलगी रेवा जन्मली तेव्हा इनक्युबेटरच्या काचेपलीकडे काका उभे होते आणि अनघाच्या उशाशी कुमुदकाकू, त्यांची बायको. मी लाँच आटोपून पोचलो आणि अनघाला म्हणालो, "बर्फामुळे हायवे बंद होता." हायवे उघडा होता. त्याच हायवेनं काका सहा तास गाडी चालवत आले होते. अनघानं काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी वादळाच्या आधी निघालो ना." तिकडे वादळ आलंच नव्हतं.

प्लँट सोडला म्हणून काकांची लीडची जागा गेली, ती मला मिळाली. रिटायर होईपर्यंत ते माझ्या हाताखाली काम करत राहिले आणि मला अहो-जाहो करायला लागले, फक्त ऑफिसात. मंडळात लोक म्हणायचे, पैठणकर हुशार, पण ॲम्बिशन नाही. मी मान डोलवायचो. ते खोटं मी इतकी वर्षं सांभाळलं, की कधीकधी मलाच तो बर्फ आठवायचा.

दोन वर्षांपूर्वी काकांनी मंडळाकडे मागणी केली, मला खलजांवर बोलायचंय. आमचा अध्यक्ष शिरीष हादरला. "काका, तुम्ही देवगिरीचे, आणि खिलजींचं कौतुक?"

"कौतुक नाही रे, चौकशी. लुटलं ते लुटलं, त्याला माफी नाही. पण मला लुटणाऱ्याचा पत्ता पाहिजे."

"लोक हर्ट होतील, यार काका."

"होऊ देत. मी चौथीत झालो होतो, अजून जिवंत आहे."

कमिटीनं भाषण कॅन्सल केलं. मी कमिटीत होतो. गप्प बसलो, त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी काकांचा व्हॉट्सॲप मेसेज आला: 'भाषण रद्द झालेलं नाही. रविवारी माझ्या गराजमध्ये. खुर्ची आपापली आणावी. ठेचा मिळेल.'

वीसेक माणसं आली. शिरीषसुद्धा आला, "जस्ट बघायला". कॉलेजातून घरी आलेली रेवा अनघाबरोबर पुढे बसली. मी मागे, बर्फ काढायच्या मशीनला टेकून उभा राहिलो. काका खलज या नावाची गोष्ट सांगत होते. टोळ्यांचा सरदार मोहिमेवर निघालाय. वाटेत एकाची बायको बाळंत झाली. तिच्या पोटात अन्न नाही, म्हणून बाळाला दूध नाही. त्या माणसानं कोल्ह्याला काठी मारून त्याच्या तोंडचा पक्षी सोडवला आणि बायकोला खाऊ घातला. यात तो मागे पडला. सरदार भडकला, "रहा मग मागे, उपाशी!" सरदाराच्या त्या शब्दांवरून, तुर्कीत 'कल आच', टोळीला खलज म्हणायला लागले, असं जुने इतिहासकार लिहून गेलेत.

"वेट, काका," रेवा म्हणाली, "बायकोला खायला दिलं म्हणून पनिश केलं? दॅट्स सो अनफेअर!"

"अगं, गोष्ट खरी नाही. नाव हिच्याहून जुनं आहे, त्याचा खरा अर्थ कुणालाच धड ठाऊक नाही. ही मागाहून चिकटवलेली."

"मग सांगितली कशाला?"

"कारण ज्यानं रचली त्याला या लोकांना हिणवायचं असणार. आणि हिणवायला सापडलं काय, तर हा मागे राहिला! राहिला तर राहिला! पोर जगलं की नाही?"

सगळे हसले. शिरीष म्हणाला, "पण काका, सरदाराचंही बरोबर होतं. डिसिप्लिन पाहिजेच."

"असेल. तो कुठे निघाला होता, सांग बघू."

शिरीषला सांगता येईना.

"मी आत्ताच वाचून आलोय," काका म्हणाले, "मलाही आठवत नाही."

सबंध भाषणात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दाम. हायवेचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी खुर्च्या घडी करायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. शिरीष मनापासून बोलला. शेवटी म्हणाला, "करिअरमध्ये काका जरा मागे पडले, पण माणूस सोन्यासारखा." पुढच्या रांगेत काकू मान खाली घालून बसल्या होत्या. मी उठलो. माइकपर्यंत जायचा धीर नव्हता, जागेवरूनच बोललो.

"मागे पडले नाहीत. माझ्या बायकोपाशी थांबले, कारण मी तिथे नव्हतो. हायवे बंद नव्हता. मला माझी नोकरी टिकवायची होती. ती टिकली, वर त्यांचीही मिळाली."

काकूंनी मान वर केली आणि वळून माझ्याकडे नाही, अनघाकडे बघितलं.

गाडी अनघानं चालवली. घराशी आल्यावर मागून रेवा म्हणाली, "सो मला फर्स्ट काकांनी पाहिलं."

"हो," मी म्हणालो.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काकांवर लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं. इथवरचा मजकूर पाठवला, तर काल शिरीषचा फोन आला. "मस्त लिहिलंयस, यार. ते हायवेचं तेवढं काढू या का? फॅमिली मॅटर आहे. काकांवरच्या लेखात कशाला?"

"नाही काढायचं," मी म्हणालो.

"अरे, अनघाला तरी विचार!"

फोन स्पीकरवर होता. अनघा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. त्या सभेपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं काही चूक नाही. ती हात पुसत आली आणि फोन उचलला.

"शिरीष, एक शब्द काढायचा नाही. आणि काकांचं भाषण तुम्ही कॅन्सल केलंत, तेही तसंच छाप."

फोन माझ्या हातात ठेवून ती परत ओट्यापाशी गेली. कोथिंबिरीची जुडी पुढे ओढली.