उसवलेलं आडनाव

जिमच्या गोऱ्या ट्रेनरच्या अंगात माझा शर्ट होता. लाल, तेहतीस नंबरचा, उजव्या कोपराला फाटलेला. तो आरशासमोर उभा राहून फोनवर स्वतःचे फोटो काढत होता. मी दारात उभा होतो, खांद्यावर बॉलची जाळी घेऊन. मला बघितलं तसा तो वळला आणि मला पाठ दिसली.

पाठीवर माझं आडनाव नव्हतं. अक्षरं शिवलेली होती तिथं सुईची भोकं राहिली होती, ओळीनं. तेवढ्या जागेचं कापड बाकीच्यापेक्षा जास्त लाल होतं. कुणीतरी शांतपणे बसून एकेक टाका उसवला होता.

"शर्ट मीच दिला त्याला," मागून मॅनेजर म्हणाले. मॅनेजर पुण्याचे. कुवेतमधल्या सलवा भागातल्या या क्लबचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मालक कुवेती, महिन्यातून एकदा येऊन जातो. "वाईट वाटून घेऊ नकोस. शुक्रवारी नव्या पोरांचे पालक येणार आहेत. त्यांना कॅनडियन खेळाडू दाखवायचाय."

"सर, मीच कॅनडियन आहे."

"कागदावर रे. पालक कागद बघायला येतात का?"

तो शर्ट मी त्यांना काचेच्या कपाटात लावायला दिला होता. त्यांनी मागितला, मी दिला. माझ्या शेवटच्या मॅचचा शर्ट. असा मी मूर्ख.

मी कॅनडात सात सीझन व्यावसायिक फुटबॉल खेळलो. रनिंग बॅक होतो. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की लाथेनं खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. हा तो नव्हे. यात बॉल लांबट, दोन्हीकडे निमुळता. तो पोटाशी घट्ट धरायचा आणि समोर उभ्या असलेल्या माणसांच्या भिंतीत डोकं खाली घालून घुसायचं. दहा यार्ड पुढे जायला तीनच संधी. न जमलं तर बॉल समोरच्यांचा. मैदान पांढरं पडेपर्यंत बर्फ पडायचा आणि आम्ही खेळत असायचो. पहिल्या सीझनला मला कुणी बॉलच दिला नाही, नुसतं दुसऱ्यांसाठी धडका अंगावर घ्यायला उभं केलं. तिसऱ्या सीझनला गुडघा गेला. परत आलो. पाचव्याला लोक माझं आडनाव ओरडायला लागले. चुकीचं ओरडायचे, पण ओरडायचे. मला ते ऐकून रडू यायचं, हेल्मेटच्या आत कुणाला दिसायचं नाही.

सातव्याला डॉक्टर म्हणाले, डोक्याला एवढे मार बसलेत की आता एकही नको. बस. एका सकाळी गेलो तर लॉकरवरची माझ्या नावाची पट्टी काढलेली. पण टीमवाल्यांनी निदान समोर बसवून सांगितलं.

या क्लबात कोचचं काम घेऊन मी कुवेतला परत आलो ते बापासाठी. मी इथलाच. आई इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी बारा वर्षांचा असताना ती मला घेऊन कॅनडाला गेली. बाप शुवैखच्या गॅरेजात डेंटिंग करतो, तीस वर्षं. तिकडं त्याच्या हातोडीला कुणी विचारलं नसतं, म्हणून तो इथंच राहिला. आता आई नाही आणि त्याला एका कानानं ऐकू येत नाही.

मॅनेजरनी पुढचं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. "शुक्रवारी हा बॉल घेऊन पळेल. तू हेल्मेट घालून समोर उभा राहायचंस. त्यानं धडक दिली की पडायचं. बाकी काही नाही."

"आणि आडनाव का काढलं?"

ते हसले. "मालकाला त्यातलं काही कळत नाही. पण पालकांत आपली मराठी माणसं आहेत. बँकेतली, तेल कंपनीतली. ती आडनाव वाचतात. तुला माहितीये मी काय म्हणतोय."

माहीत होतं. मला नऊ वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला बाप मांडव घालायला गेला होता, मी त्याच्याबरोबर. पोरांची धावण्याची शर्यत लागली. कुणी अडवलं नाही म्हणून मी पळालो. पहिला आलो. बक्षीस दुसऱ्याला दिलं. माइकवरून सांगितलं, बक्षिसं फक्त सभासदांच्या मुलांना. मग बापानं सभासद व्हायचा अर्ज भरला. आडनावाच्या रकान्यापाशी लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. "गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला?" अर्जाचं उत्तर कधी आलंच नाही. बाप दरवर्षी मांडव घालत राहिला. त्याचा मला अजून राग येतो.

आणि मी काय केलं? मी पडलो. तालमीला तीन वेळा पडलो. ट्रेनरला बॉल कसा धरतात तेही येत नव्हतं, कलिंगड धरावं तसा धरायचा. तो धावत यायचा, मी मागं कोसळायचो. मॅनेजर बाकावरून म्हणायचे, "अजून जोरात पड." माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, क्लबच्या नावावर आहे. तो रद्द झाला की मी इथून बाहेर आणि बाप एकटा. मी हेच स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या वेळी डोकं जमिनीवर आपटलं.

त्या दुपारी मी गाडी घेऊन घरी निघालो आणि दस्मानला समुद्राच्या कडेला जाऊन पोचलो. का, ते आठवेना. घर कुठल्या दिशेला तेही आठवेना. कानात एकच बारीक शिट्टी वाजत होती. गाडी थांबवून मी ज्या टीमांविरुद्ध खेळलो त्यांची नावं मोठ्यानं म्हणायला लागलो. चार आली. पाचवं येईना.

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. आठवण हळूहळू जाईल, म्हणाले होते, आणि जाताना तुम्हाला कळणारही नाही. गाडीत बसल्या बसल्या मला स्वच्छ दिसलं काय होणार आहे ते. मी विसरणार. बाप आज ना उद्या जाणार. मग क्लबच्या भिंतीवर ट्रेनरचा फोटो राहणार, लाल शर्ट, कोरी पाठ, गोरा चेहरा. आणि तो खोटा आहे हे सांगणारं कुणी उरणार नाही. मीसुद्धा नाही. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी मैदानाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत कुवेती कुटुंबं, मागे आपली मंडळी. मॅनेजरनी माइकवर माझ्या सात सीझनची गोष्ट सांगितली. माझा गुडघा, माझा बर्फ, सगळं माझं. आणि हात केला ट्रेनरकडे. टाळ्या पडल्या.

मी हेल्मेट काढलं. ट्रेनरजवळ गेलो आणि म्हणालो, "शर्ट काढ." तो गोंधळला नाही. जणू वाटच बघत होता. "सॉरी ब्रदर," तो पुटपुटला, "माझाही इकामा आहे." आणि सगळ्यांसमोर त्यानं शर्ट काढून दिला.

मी तो घातला. माइक मॅनेजरनी बंद केला होता, म्हणून ओरडून बोललो. आधी इंग्रजीत, मग मराठीत. माझं नाव. बापाचं नाव. आडनाव. गावाचं नाव, आणि घर गावाच्या कुठल्या बाजूला तेही, विचारायचा त्रास नको म्हणून. म्हणालो, आत्ता ऐकलीत ती गोष्ट माझी आहे. पाठीवरचं आडनाव या साहेबांनी उसवलंय, कारण तुम्हाला ते वाचता येतं.

टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एक बाई खाली मान घालून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. मॅनेजर माझ्या कानाशी आले. "संपलास तू," म्हणाले. आवाज अगदी शांत होता.

घरी बापाला सांगितलं. तो म्हणाला, "कामून बोललास? तीस वर्सं मी इथं कुणाला उलटून बोललो न्हाई."

"म्हणूनच," मी म्हणालो. ते त्याला लागलं. लागू दे म्हटलं.

दोन दिवसांनी फोनवर सरकारी मेसेज आला. क्लबनं माझ्यावर तक्रार टाकली होती, कामावरून पळून गेल्याची. अशी तक्रार उभी राहिली की रस्त्यात कुठलाही पोलीस कागद मागून उचलू शकतो. मी क्लबच्या विरोधात अर्ज लिहून घ्यायला श्रम कार्यालयाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. बापही बरोबर आला. टायपिंगवाल्यानं माझा अरबी परवाना वाचला आणि मान वर केली. "इसमें तो मजदूर लिखा है, भाई. मैदान का मजदूर."

कोच नाही. खेळाडू नाही. म्हणजे शर्टाच्या कितीतरी आधी, मी विमानात बसलो तेव्हाच, हे ठरलेलं होतं. वाचता येत नाही अशा कागदावर मी सही केली होती.

"अर्जी में भी मजदूर ही लिखूँ?" त्यानं विचारलं. "कागज से मेल खाना चाहिए. नहीं तो क्लब उलटा केस डालेगा. सोच लो."

बापानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानंच खुर्ची पुढे ओढली, चांगला कान टायपिंगवाल्याकडे केला आणि बसला.

मी म्हणालो, "रनिंग बॅक लिखो. सात सीज़न. पहले सीज़न से लिखो, मैं बोलता हूँ."

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. सिग्नलला पोलिसाची गाडी शेजारी थांबली की मी नजर समोरच्या दिव्यावर ठेवतो. गेल्या आठवड्यात सहाव्या सीझनची एक पूर्ण मॅच डोक्यातून गेली, कितीही ताण दिला तरी आठवत नाही. म्हणून रोज लिहितोय, जेवढं आहे तेवढं, प्रत्येक पानावर पूर्ण नाव टाकून. पकडतील तर पकडू देत. माझ्या हातानं मी मजदूर लिहिणार नाही, आणि माझ्या पायानं मी इथून जाणार नाही.