अकरा पायऱ्यांचं तळघर

आमच्या घरात ऑक्टोबरचा एक शिरस्ता आहे. शनिवारी आम्ही एलिजिओकाकांना शहर दाखवायचं आणि रविवारी त्यांनी आम्हाला टेकडीवर न्यायचं. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, दारिओचे, सख्खे काका. वय शहात्तर, लग्न केलेलं नाही. इटलीतल्या आल्बा गावाजवळच्या टेकडीवर ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीत अजून झोपतात, आणि तिच्या खालच्या तळघरात वाईन करतात. ते आमच्याकडे तुरीन शहरात येतात तेव्हा त्यांच्या अंगात त्यांचा एकुलता एक चांगला कोट असतो आणि त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो.

शहर म्हणजे त्यांच्या लेखी इजिप्तच्या संग्रहालयातलं एकच कपाट. बाकी ममीबिमींकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. यंदाही आमच्या नऊ वर्षांच्या मातिल्देचं बोट धरून ते थेट त्या वाईनच्या मातीच्या बुधल्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"तीन हजार वर्षं झाली म्हणतात," काका म्हणाले, "आणि तोंडावरचा चिखल जागचा हललेला नाही. माझं बूच दहा वर्षांत गळतं."

"काका, आत अजून वाईन असेल?"

"असली तरी तिचं व्हिनेगर झालं असेल. तुझ्या बापाला लग्नात दिलेल्या बाटल्यांसारखं."

"त्या बाटल्या मी शेगडीजवळ ठेवल्या होत्या," दारिओ म्हणाला. "आयुष्यभर ऐकवणार का?"

"जगलो तेवढे दिवस ऐकवणार."

पहारेकऱ्याने आम्हाला गप्प बसायला सांगितलं. मातिल्दे खिदळत होती. तिचं ते हसणं मला आता पुन्हा पुन्हा आठवतं आणि राग येतो.

काकांच्या तळघराला अकरा पायऱ्या आहेत. द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्यातून वायू सुटतो. त्याला रंग नाही, तो हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचत जातो. म्हणून काका रोज सकाळी पेटती मेणबत्ती पोटरीच्या उंचीवर धरून एकेक पायरी उतरत. ज्योत विझली की तिथेच थांबायचं, खडूने भिंतीवर पायरीचा आकडा लिहायचा, वर यायचं, बाहेरून उताराकडची खालची झडप उघडायची आणि वाट बघायची. अठ्ठावन्न हंगामांचे आकडे त्या भिंतीवर एकावर एक चढलेले आहेत.

गेल्या वर्षी काकांनी ती मेणबत्ती मातिल्देच्या हातात दिली. तिचे केस मोकळे होते. मी किंचाळले. पोरगी पेट घेईल, हे काय रानटी खूळ आहे, वगैरे सगळं बोलले. आठ दिवसांत तुरीनहून वायू मोजणारं एक यंत्र पाठवलं आणि ते भिंतीवर ठोकायला लावलं.

"याला पाय आहेत का?" काकांनी विचारलं होतं. "माझ्यापुढे पायऱ्या उतरतं का?"

"काका, त्याला सगळं कळतं. हिरवा दिवा म्हणजे हवा चांगली."

"मग त्यालाच विचारा, द्राक्षं कधी तोडायची."

काकांची भाची इवाना मात्र खूश झाली. वरच्या खोल्यांमध्ये ती भाड्याने पाहुणे उतरवते, आणि मेणाच्या धुराने वाईनचा वास बिघडतो अशी तिची तक्रार होतीच. तिने मेणबत्त्या उचलून जेवणाच्या टेबलांवर मांडल्या. काका काहीच बोलले नाहीत. का नाही बोलले? माझ्यावर ओरडायला हवं होतं त्यांनी. शिकलेली सून म्हणून भिडेने गप्प बसले, याचाही मला राग आहे.

यंदा त्या रविवारी टेकडीवर पोचताच काका आणि दारिओ पलीकडच्या उतारावर तोडणीला गेले होते. अंगणात इवानाभोवती आठ पाहुणे जमले होते. ती मातिल्देला म्हणाली, "जा गं, खालच्या फळीवर काकांची वाईन चाखायची चांदीची वाटी आहे, ती घेऊन ये. पाहुण्यांना दाखवू."

मातिल्देने माझ्याकडे बघितलं. आणि मी, जी तिला मोजे घातल्याशिवाय गॅलरीतही जाऊ देत नाही, मी म्हणाले, "भिंतीला धरून उतर. पायऱ्या ओल्या आहेत."

थोड्या वेळाने काका ट्रॅक्टरवरून द्राक्षांचा क्रेट घेऊन आले, मागोमाग दारिओ.

"पोरगी कुठाय?"

"खाली," इवाना म्हणाली. "वाटी आणायला गेलीय."

त्यांनी क्रेट तिथेच टाकला. दारात छातीभर श्वास घेतला आणि आत धावले. मी मागे गेले तर दारिओने मला दंडाला धरून भिंतीवर ढकललं आणि तो पुढे झाला. काका वर येत होते. खांद्यावर मातिल्दे, तिचे हात लोंबत होते. पाचव्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. पोरीला सोडलं असतं तर त्यांना भिंत धरता आली असती. त्यांनी सोडलं नाही. कमरेवर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दारिओने उचलून आणल्यावर अंगणात मातिल्देला उलटी झाली, मग तिने डोळे उघडले. मी तिचं नाव घेत राहिले. मागे इवाना रडत ओरडत होती, "अगं, मी सकाळीच खाली जाऊन आले! दहा मिनिटं उभी होते! मला काही झालं नाही! आणि दिवा हिरवा आहे, जाऊन बघ!"

"तू केवढी उंच आहेस?" मी म्हणाले. "आणि ती केवढी आहे?"

तेव्हाच मला कळलं की हे मी स्वतःलाच विचारलंय. यंत्र माझ्या डोक्याच्याही वर ठोकलेलं आहे. मातिल्देने हात लावू नये म्हणून ते तिथे लावायला मीच फोनवर बजावून सांगितलं होतं. वरची हवा खरोखरच चांगली होती. दिवा खरं बोलत होता. त्याच्या खाली माझी मुलगी गुदमरत होती.

मातिल्देला एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. ती ठीक आहे, असं डॉक्टरांनी मला चार वेळा सांगितलं. काकांच्या कमरेत सळी घालायची ठरली. सोमवारी त्यांचे कपडे आणि दाढीचं सामान न्यायला मी टेकडीवर परत गेले, तर अंगणात नवे पाहुणे. तळघराचं दार उघडं.

"इवाना, शरम वाटत नाही?"

"यांचं बुकिंग महिन्यापूर्वीचं आहे, लोरेदाना. लहान मूल एकही नाही यांच्यात. आणि सगळे उंच आहेत, बघ ना."

मी तिच्या थोबाडीत मारली असती. हातात काकांचा कामाचा कोट होता. त्याच्या खिशात बोटभर मेणबत्ती आणि काडेपेटी सापडली. म्हणजे वर्षभर ते आमच्या चोरून उतरत होते. स्वतःच्या तळघरात, चोरून!

मी मेणबत्ती पेटवली आणि पोटरीजवळ धरून उतरले. आठव्या पायरीवर ज्योत एकदम नाहीशी झाली, कोणी चिमटीत धरावी तशी. समोर भिंतीवर माझा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. कोनाड्यातला खडू घेऊन मी आठचा आकडा लिहिला आणि वर आले.

"काय सांगू त्यांना?" इवानाने विचारलं.

"सांग, विझली."

मग दवाखान्यात दारिओला फोन लावला. त्याने तो काकांच्या कानाशी धरला.

"कितवी?" काकांनी विचारलं.

"आठवी."

"खालची झडप उघड. बाहेरून. संध्याकाळपर्यंत वायू दहावीवर उतरेल." मग दम खाऊन म्हणाले, "ते यंत्र तेवढ्या वर कोणी लावायला सांगितलं?"

"मी."

"उतरव ते."

"आत्ता जाते."

"आत्ता नको, बाई! आत्ता वर बस. दारात."

झडप उघडून मी सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराच्या मधोमध बसले. एक उंच गृहस्थ हसत म्हणाले, "आम्ही फक्त एक मिनिट डोकावून येतो." मी जागची हलले नाही.